लिहून देणार

सिव्हिल लाइन्सला, कोर्टाच्या मागच्या गल्लीत,
झेरॉक्सवाला आणि स्टॅम्पवाला यांच्या मधोमध
माझं टेबल. छत्तीस वर्षं.
आधी गोदरेजचा टाइपरायटर,
मग हा कॉम्प्युटर, ज्याला आता
सुरू व्हायला एक अख्खा चहा लागतो.

परात्यांचा प्रणीत आला रविवारी, पेनड्राइव्ह घेऊन.
म्हणाला, इंदूताई, जुनं फेकायचं नाही,
एकाच डब्यात दोन्ही ठेवू.
लावला की तोच विचारीन, कोण पाहिजे.
मी कूलरमध्ये दोन बादल्या पाणी टाकलं
आणि म्हटलं, कर.

डिस्क पाचशेची. मोजली तर चारशे पासष्ट.
हसू आलं. जमीनही अशीच असते,
सातबाऱ्यावर एक, मोजणीवाल्याच्या साखळीत एक.

"नव्याले किती देऊ? चाळीस पुरते."
चाळीस?
"नवा आहे न, त्याले काय लागते."

किती वाटणीपत्रं टाइप केली या बोटांनी.
उमरेडचं शेत, महालातले दोन गाळे,
इतवारीतल्या एका दुकानाचा जिना,
तोसुद्धा वाटला होता दोघा भावांनी,
वरच्या सात पायऱ्या, खालच्या सहा.
आणि हक्कसोडपत्रं. ती बहिणींची.
त्यातला मजकूर बोटांनाच पाठ:
नशापाणी न करता, कोणाच्याही दबावाखाली न येता,
राजीखुशीने लिहून देते की यापुढे माझा
कसलाही हक्क

एक माझंही आहे. याच डिस्कवर.
काटोलची साडेतीन एकर, सामाईक विहीर.
भावांनी टायपिंगचे पैसे वाचवले,
म्हणाले, इंदू करते न.
मी केलं. एक चूक नाही.
"लिहून देणार"च्या पुढे स्वतःचं नाव,
ठळक.

"अर्धं," मी म्हणाले.
"ताई, जुन्याले तंगी होईन."
"होऊ दे. मोजून अर्धं."

जुना सहजी आकसला नाही.
मधे कुठेतरी न हलणाऱ्या फायली होत्या,
पाय रोवून बसलेल्या.
प्रणीतनं एकेक उठवली.
पट्टी सरकू लागली. बाहेर शेचाळीस डिग्री.
लाइट गेली असती तर दोघांचंही गेलं असतं.
मी कूलर बंद केला, पंखा बंद केला,
जणू त्यानं लाइटवर उपकार होणार होते.
घाम पुसत बसलो,
निकालाच्या दिवशी पक्षकार बसतात तसे,
भिंतीकडे बघत.

डिस्कलाही झिरो माइल असतो म्हणे.
अगदी पहिला दगड. तिथं फक्त पाटी:
इकडे जुना, तिकडे नवा.
ती पुसली गेली
तर दोन्ही गावं असून नसल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी घड्याळावरून भांडण.
नव्यात दुपारचे दोन, जुन्यात सकाळचे साडेआठ.
नवा आतून विलायतेची वेळ धरतो,
बाहेर आपली दाखवतो.
जुन्याला हा डाव कळत नाही.
प्रणीतनं एक ओळ लिहून मिटवलं.
भावाभावांचं एका ओळीत मिटलेलं
मी तरी पाहिलं नाही.

मग ते हक्कसोडपत्र नव्यात उघडलं.
जुना फॉन्ट त्याला वाचता येत नाही.
डॉलर, टक्का, टोपी घातलेला ए, उलटं प्रश्नचिन्ह.
काटोल नाही. विहीर नाही. राजीखुशी नाही.
"बदलून देऊ का, वाचता येईन असं?"
राहू दे, म्हटलं.

आता रोज सकाळी काळ्या पडद्यावर दोन ओळी येतात
आणि दहापासून आकडा उतरत जातो.
मी काही दाबत नाही.
चष्मा पुसते. खुर्चीची उशी सरळ करते.
बाहेरून कोणी घाईत डोकावतं,
बाई, ॲफिडेव्हिट होईल का?
होईल, म्हणते. बसा.
अजून चार आहेत.